काम सुटलं, दुखणं आलं: लेकरांच्या पोटगीचं काय करायचं?

गेल्या पावसाळ्यात एक माणूस कोर्टाच्या आवारात आमच्या टेबलापाशी आला. तालुका विधी सेवा समितीचं ते टेबल, मी तिथे विधी स्वयंसेवक म्हणून बसते. काखेत कुबडी, हातात मेडिकलची कॅरीबॅग. बॅगेत घाटीचे (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्याचे) केसपेपर, घडीवर फाटायला आलेलं डिस्चार्ज कार्ड, मांडीत टाकलेल्या रॉडचा एक्स-रे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे कामाला होता, गाडी घसरली आणि सात महिने घरी बसला. दोन लेकरांची मिळून महिना साडेपाच हजार पोटगी ठरलेली. "ताई, मी काय पळून गेलो का? पाय मोडल्यावर माणसानं कुठून द्यावं?"

तो खरं बोलत होता आणि पुरावाही त्याच्या हातातच होता. पण तो पुरावा सात महिने कॅरीबॅगेत पडून राहिला. कोर्टाच्या कागदावर त्याची ओळख एवढीच उरली होती: ३८,५०० रुपये थकवलेला बाप, ज्याच्यावर वसुली वॉरंट निघालंय.

ज्यांचं उत्पन्न खरोखर थांबलंय आणि ज्यांना कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पैसे दडवून ठेवणाऱ्याला यातलं काही कामाला येणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घ्या. पगार थांबला की पोटगी आपोआप थांबत नाही. हुकमातली रक्कम महिन्यामागून महिना चढत जाते. ती कमी करण्याचा अधिकार फक्त कोर्टाला आहे, आणि कोर्ट ती तुम्ही अर्ज केल्यावरच कमी करतं, तेही साधारणपणे पुढच्या काळासाठी. अर्जाआधी साचलेले महिने अंगावर राहतात. म्हणून ज्या महिन्यात काम सुटलं, त्याच महिन्यात अर्ज टाकायचा. वॉरंटची वाट बघत बसलं की प्रत्येक महिना महाग पडतो.

हुकूम शोधा आणि नीट वाचा

निम्म्या लोकांकडे स्वतःचा हुकूम नसतो. कुणाचा जुन्या वकिलाकडे राहिलेला असतो, कुणाचा घर बदलताना गेलेला असतो. ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित नक्कल काढा. प्रकरण क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्ट्स ॲपवर नावावरून शोधता येतो, तिथे १६ अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांकही मिळतो. तो लिहून ठेवा, पुढे प्रत्येक तारीख त्यावरूनच बघायची आहे.

हुकमात चार गोष्टी बघा: प्रत्येक लेकराची रक्कम किती, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कोर्टाचा हुकूम, आणि कोणत्या कायद्याखाली. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण रक्कम बदलून मागायचं कलम त्यावर ठरतं. आपल्याकडचे बहुतेक हुकूम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचे असतात. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. १२५ चं कलम आता १४४ झालं, आणि परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलून मागण्याचं १२७ कलम आता १४६ झालं. जुना हुकूम त्यामुळे रद्द झालेला नाही, गैरसमज नको. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा हुकूम असेल तर त्या कायद्याच्या कलम २५(२) खाली बदल मागता येतो. घटस्फोटाच्या प्रकरणात मुलांची रक्कम ठरली असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ कोर्टाला ती बदलायचा अधिकार देतं. कलम १४४ सगळ्या धर्मांना लागू आहे. मुस्लिम आईबापांच्या लेकरांनाही त्याखाली पोटगी मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केलंय.

एकाच लेकरासाठी दोन कायद्यांखाली दोन हुकूम असतील तर दोन्ही सोबत घ्या. एक दाखवून दुसरा झाकला की पहिल्याच तारखेला भरवसा जातो.

पहिल्या आठवड्यात करायच्या दोन गोष्टी

पहिली, लेकरांच्या आईला लेखी कळवा. बोलचाल बंद असेल तरी व्हॉट्सॲपवर साधा मेसेज चालतो: अमुक तारखेपासून काम बंद आहे, दवाखान्यात आहे, कोर्टात अर्ज करतोय, तोवर दर महिन्याला एवढे पाठवतो. भांडण नको, जुनं उकरून काढणं नको. हा मेसेज उद्या कोर्टासमोर वाचला जाईल असं धरूनच लिहा.

दुसरी, काहीतरी भरत राहा. साडेपाच हजार जमत नसतील तर हजार भरा, तेही नसतील तर पाचशे. यामुळे बाकीची रक्कम माफ होत नाही. पण कायद्यात शब्द आहेत 'पुरेशा कारणाशिवाय' रक्कम न देणे. ज्याने अंगावर प्लॅस्टर असताना सात महिने पाचशे-पाचशे भरले आणि ज्याने एक रुपया पाठवला नाही, त्या दोघांकडे न्यायाधीश एकाच नजरेने बघत नाहीत. मी टेबलावर बसून हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पैसे आईच्या खात्यात किंवा फोन-पेने पाठवा, आणि शेऱ्यात 'पोटगी, जुलै' असं लिहा. लेकराच्या मामाच्या हातात दिलेले, यात्रेत भेटल्यावर दिलेले, शाळेच्या कपड्यांना म्हणून दिलेले पैसे कोर्टात सिद्ध करता करता नाकीनऊ येतात. रोख द्यायचेच असतील तर तारखेला कोर्टातच द्या आणि दोघांच्या सहीची पुरसीस (कोर्टाला कळवण्याचा लेखी कागद) दाखल करा, किंवा कोर्टाच्या परवानगीने नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, भरून पावती घ्या. या सगळ्यासाठी एक वही करा: तारीख, रक्कम, कशातून दिली, पावती कुठे आहे. शंभर पानी साधी वही पुरते.

आणि 'लेकराला भेटू देत नाही म्हणून मी पोटगी बंद केली' हे कारण कोर्टात चालत नाही. भेटीचा अर्ज वेगळा, तो जरूर करा. पण लेकराचं पोट त्याला बांधलेलं नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या माणसाची कमाई बारमाही नसते. मुकादमाची उचल हातात पडते तेव्हा चार पैसे दिसतात, उन्हाळ्यात कोयता घरी आला की हात रिकामे. उचल मिळाली त्याच दिवशी पुढच्या चार-पाच महिन्यांची पोटगी आगाऊ भरून टाका आणि कोणत्या महिन्यांची ते लिहा. दोन्ही बाजू तयार असतील तर तडजोडीतच तसे हप्ते ठरवून घेता येतात.

पुरावे: इथे घाई करू नका

नोकरी गेल्याचा कागद कंत्राटी कामगाराला जवळजवळ कधीच मिळत नाही. "उद्यापासून येऊ नको" एवढंच सांगतात. अशा वेळी पीएफचं पासबुक फार कामाचं. त्यात दर महिन्याची वर्गणी दिसते, आणि ज्या महिन्यात ती थांबली तो महिना काम थांबल्याचा साक्षीदार होतो. सोबत शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, गेटपास असेल तर त्याची झेरॉक्स. नवीन काम शोधताय त्याचाही माग ठेवा: कुठे अर्ज दिला, कुणी काय उत्तर दिलं, रोजगार हमीचं जॉबकार्ड. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडा, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. समोरचा वकील त्यावर पहिला प्रश्न विचारतो.

शेतीवर पोट असेल तर सातबारा, आठ-अ, आडतीच्या पट्ट्या, पीक गेलं असेल तर पंचनाम्याची प्रत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन उभ्या पाण्यात सडलं, मातीसुद्धा वाहून गेली, हे साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. पण कोर्टाला तुमच्या गटातलं किती गेलं ते दिसावं लागतं.

आजारपणात सगळ्यात जास्त चूक होते ती डॉक्टरांच्या सर्टिफिकेटमध्ये. 'उपचार चालू आहेत' एवढ्यावर कोर्ट काही ठरवू शकत नाही. डॉक्टरांना विनंती करून तीन गोष्टी लिहून घ्या: आजार कोणता, कोणतं काम करता येणार नाही, आणि किती दिवस. जड ओझं उचलता येणार नाही आणि कोणतंच काम जमणार नाही, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. मांडीत रॉड असलेला माणूस पोती उचलू शकणार नाही, पण दुकानात बसून हिशेब लिहू शकेल असं कोर्ट म्हणू शकतं, आणि तसं म्हणण्याला आधारही आहे. धडधाकट माणसाने वेळ पडल्यास अंगमेहनत करूनही बायकोलेकरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय. म्हणून नुसत्या बेकारीवर 'पोटगी शून्य करा' असं मागू नका. कमी करून मागा, आणि किती देऊ शकता तो आकडा सांगा.

आठ-पंधरा दिवसांच्या तापाला अर्जाची गरज नाही, कळवा आणि पुढच्या महिन्यात भरून काढा. क्षयरोगाचा सहा महिन्यांचा कोर्स, मोठं ऑपरेशन, अपघात यांत मात्र ठरावीक मुदतीपुरती रक्कम कमी करून मागा. लकवा, डायलिसिस, कॅन्सर असेल तर कायमचा बदल मागायची वेळ आहे. अपंगत्व आलं असेल तर जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र) काढून घ्या. कोर्टात ते दहा केसपेपरांपेक्षा लवकर समजतं.

अर्जात काय लिहायचं

ज्या कोर्टाने हुकूम दिला, अर्ज त्याच कोर्टात. हुकूम उदगीरचा असेल आणि तुम्ही वाळूजला खोली करून राहत असाल तरी उदगीरलाच जावं लागेल. दर तारखेला जाणं अंगाला झेपत नसेल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचा कागद. न सांगता गैरहजर राहू नका.

अर्ज लांबलचक नको. मी लोकांना साधारण असं लिहायला सांगते:

"मूळ हुकुमाच्या वेळी मी कंत्राटी कामगार होतो व मला दरमहा १४,००० रुपये मिळत होते. अमुक तारखेला अपघातात माझ्या उजव्या मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून मी कामावर जाऊ शकलेलो नाही. डॉक्टरांनी आणखी चार महिने जड काम न करण्याचा सल्ला लेखी दिला आहे. मुलांच्या पोटगीची जबाबदारी मला मान्य आहे. मी सध्या दरमहा २,००० रुपये देऊ शकतो व चालू महिन्याची तेवढी रक्कम भरली आहे. तरी अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांपुरती रक्कम कमी करावी, ही विनंती."

शेवटच्या तीन वाक्यांत खरा जीव आहे. जबाबदारी मान्य, आकडा सांगितला, मुदत सांगितली. याच अर्जासोबत, निकाल लागेपर्यंत तात्पुरती रक्कम कमी करावी असा अंतरिम अर्जही द्या, कारण मुख्य अर्जाला महिने जातात. आणि अर्ज दिला म्हणजे रक्कम कमी झाली असं समजू नका. हुकूम होईपर्यंत जुनीच रक्कम चालू असते.

मालमत्तेचं शपथपत्र

रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यायचं. त्याचा ठरावीक नमुना आहे, वकिलाकडे मिळतो. नवीन माणूस इथेच अडखळतो. वडिलांच्या नावाची सामाईक जमीन लिहायची का? लिहायची, आणि आपला हिस्सा किती, कोरडवाहू की बागायत, तेही लिहायचं. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतातच, ते का सोडायचे? मोटारसायकल, बचतगटातले पैसे, भिशी, सगळं लिहा. सातबारा आज कुणालाही मोबाईलवर बघता येतो. तारखेच्या आधी जमीन भावाच्या नावावर करून टाकणं हा सल्ला गावात हमखास मिळतो. तो ऐकू नका. फेरफाराची तारीख कोर्ट बघतं, आणि मग तुमच्या मोडलेल्या पायावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

देण्यांमध्ये दवाखान्याचा खर्च आणि त्यासाठी काढलेलं कर्ज पावत्यांसकट लिहा. गाडीचा किंवा मोबाईलचा हप्ता लेकराच्या पोटगीच्या आधी येत नाही.

वकील परवडत नाही, तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली वकील मोफत मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावं लागतं. याच कलमात पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेल्यांचाही उल्लेख आहे. हे आपल्या भागात फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगते. तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. सोबत आधार, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, आणि हुकमाची नक्कल.

वॉरंट निघालंच असेल तर

गावात पोलीस पाटलाकरवी निरोप आला की बरेच जण पाहुण्यांकडे निघून जातात. त्याने फक्त थकबाकी वाढते. जमतील तेवढे पैसे गोळा करून स्वतःहून कोर्टात हजर व्हा. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, काही रक्कम लगेच भरणं, उरलेल्याचे हप्ते मागणं आणि कारणाचे कागद, हे सगळं एकाच दिवशी द्या. हप्ता जेवढा पेलेल तेवढाच मागा. मोडलेला हप्ता न मागितलेल्या हप्त्यापेक्षा वाईट.

'महिनाभर आत बसून येतो, मिटलं' असं म्हणणारे भेटतात. थकलेल्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते हे खरं, पण कैदेने थकबाकी फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हे स्पष्ट केलंय. बाहेर आल्यावर तीच रक्कम तशीच उभी असते.

हुकूमच तुमच्या गैरहजेरीत, एकतर्फी झाला असेल तर तो रद्द करून मागायला हुकमाच्या तारखेपासून तीन महिने असतात. योग्य कारण दाखवावं लागतं. दवाखान्यात भरती असणं हे तसं कारण आहे.

पैसा कुठून उभा करायचा

पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात होत असेल तर आधी तिकडे बघा. वर्गणीची अट पुरी असेल तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर भागत नाही. तो भत्ता तुमचं उत्पन्नच धरला जाईल. त्यातून लेकरांचे आधी काढा, मग बाकीचं. पीएफमधूनही आजारपणासाठी रक्कम काढता येते. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का ते ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. तिथे वाचलेले पैसे पोटगीला उरतात.

लेकरांच्या आईसाठी

ताई, तो खरंच आजारी असेल आणि तुमच्या घरात पीठ संपत आलं असेल, तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. थकबाकीच्या वॉरंटसाठी अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, ती मुदत दयेपोटी घालवू नका. अर्ज दाखल करून हप्त्यांना हो म्हणता येतं. 'लेकरांची पोटगी सोडली' असं बॉन्डवर लिहून देऊ नका. तो हक्क लेकरांचा आहे, तो आपण सोडू म्हटलं तरी कोर्ट तसं धरून चालत नाही.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एका मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. घटस्फोटित किंवा विभक्त आईबापांची, दुर्धर आजार असलेल्या पालकांची मुलं त्यात बसतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. इथे बापाने एक काम करावं: आपल्या आजाराच्या कागदांच्या प्रती आईला द्याव्यात. गेल्या वर्षी एका जोडप्याचं असंच झालं. चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याने डायलिसिसच्या फाइलची झेरॉक्स आमच्या टेबलावर ठेवली आणि "तिला द्या, लेकीच्या अर्जाला लागंल" एवढंच म्हणाला. तिने ती पिशवीत घातली, वर बघितलंही नाही. मुलीचं प्रकरण मात्र मंजूर झालं.

पुन्हा काम लागल्यावर

रक्कम ठरावीक मुदतीपुरती कमी झाली असेल तर मुदत संपल्याच्या महिन्यापासून पूर्ण रक्कम सुरू करा, कुणी मागायची वाट बघू नका. दुखणं लांबलं असेल तर मुदत संपायच्या आधीच वाढवून मागा. थकबाकीचे हप्ते आणि चालू पोटगी वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहा, पाठवतानाही वेगवेगळे पाठवा. एकत्र पाठवलेल्या पैशांवरून पुढे वाद होतात. लेकरू अठरा वर्षांचं झालं म्हणून स्वतःच्या मनाने रक्कम बंद करू नका. मूल अपंग असेल, किंवा मुलगी अविवाहित असून तिचं भागत नसेल, तर कायदा वेगळा लागतो. आधी हुकूम दाखवून विचारा.

कुबडीवाला तो माणूस आता एका कृषी सेवा केंद्रात बिलं लिहितो. महिना अडीच हजार चालू पोटगी आणि हजार थकबाकीचा हप्ता असं ठरलंय. वही दाखवायला मध्ये आला होता. शेवटचा हप्ता फिटला की दोघांच्या सहीची पुरसीस दाखल करायची, वसुली अर्ज निकाली निघाल्याच्या हुकमाची नक्कल काढायची, आणि ती त्याच वहीत शेवटच्या पानाला चिकटवून ठेवायची, असं त्याला सांगितलंय.